नागनदीचे पाणी गाळायला पाऊण तास लागतो : निर्वात गाळण संचाबाबत मार्गदर्शन हवे

गाळणघर | 14 जुलै, रात्री 9.20

नमस्कार मंडळी. नागपुरातील एका महाविद्यालयाच्या पर्यावरणशास्त्र विभागात मी अकरा वर्षांपासून प्रयोगशाळा सहायक आहे. यंदा विभागाला काचेचा निर्वात गाळण संच मिळाला. वर 300 मिलिलिटरचे नरसाळे, मध्ये सच्छिद्र काचेची चकती बसवलेला आधार, त्या दोन्हींना जखडून ठेवणारा ॲल्युमिनियमचा चाप आणि खाली एक लिटरचा जाड काचेचा फ्लास्क असा तो संच आहे. ओढ देण्यासाठी आम्ही नळाला लावायचा, वाहत्या पाण्याने हवा ओढणारा जुना पितळी ॲस्पिरेटर वापरतो आणि मध्ये एक गेज जोडलेले आहे.

एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनी नागनदीच्या पाण्यातील निलंबित घनपदार्थ (न विरघळता पाण्यात राहिलेले कण) मोजत आहेत. नमुने अंबाझरी, पंचशील चौकाजवळचा पूल आणि पारडी अशा तीन ठिकाणांहून आणले जातात. अडचण अशी की 500 मिलिलिटर पाणी गाळायला पाऊण तास लागतो, आणि परवाच्या पावसानंतर आणलेला पारडीचा नमुना तर दीड तासानंतरही नरसाळ्यात अर्धा शिल्लक होता. शिवाय एकाच बाटलीतून दोनदा गाळलेल्या पाण्याची उत्तरे जुळत नाहीत. एकदा 212 मिलिग्रॅम प्रतिलिटर येते, दुसऱ्यांदा 168.

गेज 690 मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे सरकत नाही. 760 पर्यंत जायला हवे, असे विभागप्रमुखांचे म्हणणे आहे आणि ॲस्पिरेटर निकामी झाला असे समजून ते नव्या पंपाची मागणी पाठवणार आहेत. त्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढला. मोठा फ्लास्क धुण्यात असला तर आम्ही 250 मिलिलिटरचा कॉनिकल फ्लास्क दोन भोकांचे रबरी बूच लावून वापरतो. त्याने अजून तरी काही अडचण आलेली नाही.

हिंगणारोड | 14 जुलै, रात्री 9.50

दादा, बाकीचे सगळे नंतर बोलू. कॉनिकल फ्लास्कला ओढ लावणे उद्यापासून नव्हे, आत्तापासून बंद करा. आणि एक प्रश्न : आधारावर नेमका कोणता फिल्टर ठेवता? सगळे सांगितलेत, तेवढेच राहिले.

फुंकणी | 14 जुलै, रात्री 10.35

मी प्रयोगशाळेच्या काचेचे काम करतो. काच फुंकण्यात माझी उभी हयात गेली, म्हणून कॉनिकल फ्लास्कविषयी अधिकाराने लिहितो.

हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाइतका असतो. एरवी तो आतून आणि बाहेरून सारखा असल्याने आपल्याला जाणवत नाही. आतली हवा काढली की बाहेरचा सगळा भार काचेवर येतो. 250 मिलिलिटरच्या कॉनिकल फ्लास्कचा तळ साडेआठ सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर क्षेत्रफळ 57 चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे तुमच्या 690 च्या ओढीला त्या पातळ, सपाट तळावर सिमेंटच्या भरलेल्या पोत्याइतका भार येतो. गोल तळाच्या चंबूत तो भार सगळीकडे वाटला जातो. सपाट तळात मात्र तो तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेला एकवटतो, आणि नेमक्या त्याच कडेला धुताना बेसिनचे ठोके बसलेले असतात. गाळणीच्या फ्लास्कचा तळही सपाटच असतो, पण त्याची काच मुद्दाम जाड घेतलेली असते. अजून काही झाले नाही याचा अर्थ एवढाच की तुमचे फ्लास्क नवे आहेत.

जाड फ्लास्कदेखील वापरण्याआधी दर वेळी उजेडासमोर फिरवून पाहावा. आपटल्याच्या जागी चांदणीसारखी बारीक तडा दिसते, मधोमध एक ठिपका आणि त्यातून निघालेले तीन-चार केस. अशी चांदणी दिसली की तो फ्लास्क ओढीच्या कामातून बाद करून द्यावा. माझ्याकडे लोक असे फ्लास्क ‘जरा ज्योत दाखवून द्या’ म्हणून घेऊन येतात आणि मी ते परत करतो, कारण ज्योतीने तडा बुजते, पण काचेत ताण राहून जातो. तो काढायचा तर बोरोसिलिकेट काच भट्टीत साधारण 560 अंशांपर्यंत तापवून सावकाश निववावी लागते आणि ध्रुवित प्रकाशाखाली तपासावी लागते. एवढे सगळे केल्यावरही निर्वातासाठी ती काच वापरा असे मी लिहून देणार नाही.

निवृत्त_मास्तर | 15 जुलै, सकाळी 6.15

गेजविषयी लिहितो, कारण त्यावर विभागाचा खर्च अवलंबून आहे.

760 मिलिमीटर हा समुद्रसपाटीचा आकडा झाला. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे हवेचा दाबच ऋतुमानाप्रमाणे 725 ते 735 मिलिमीटर असतो, आणि पावसाळ्यात तो खालच्या बाजूला राहतो. तुमच्या नळीवरचे गोल काट्याचे गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून आतला दाब किती कमी आहे तेवढेच दाखवते. साहजिकच जगातला सर्वोत्तम पंप आणून लावला तरी नागपुरात त्या काट्याने 730 च्या फार पुढे जाऊ नये. गेला तर पंपाचे कौतुक करण्याआधी गेज तपासून घ्यावे.

दुसरी मर्यादा ॲस्पिरेटरची स्वतःची आहे. वाहत्या पाण्याने तो हवा ओढून नेतो, पण त्या पाण्याची वाफ आत राहतेच, त्यामुळे पाण्याच्या बाष्पदाबाच्या खाली तो जाऊ शकत नाही. 20 अंशांना हा बाष्पदाब साडेसतरा मिलिमीटर, 30 अंशांना सुमारे 32 आणि 38 अंशांना 50 च्या जवळपास असतो. सध्या टाकीचे पाणी 30 अंशांच्या आसपास असेल असे धरू. बाहेरचा दाब 726 असेल, तर 726 मधून 32 वजा जाता 694 उरतात. तुमचे गेज 690 दाखवते आहे. म्हणजे हा जुना पितळी ॲस्पिरेटर त्याला शक्य आहे तेवढे जवळजवळ सगळे काम करतो आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी 38 अंशांच्या आसपास तापते, तेव्हा हाच काटा 675 ते 680 वर थांबेल आणि त्यातही काही बिघडलेले नसेल.

तेव्हा पंपाची मागणी तूर्त थांबवावी. पाणी वाया जाते म्हणून पंप घ्यायचा असेल तर तो मुद्दा रास्त आहे आणि त्याला माझा पाठिंबा राहील, कारण ॲस्पिरेटर मिनिटाला कित्येक लिटर पाणी गटारात सोडतो आणि उन्हाळ्यात ते डोळ्यांना बघवत नाही. पण गाळण हळू होते म्हणून पंप, हे निदान चुकले आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून विचारतो. ॲस्पिरेटर आणि फ्लास्क यांच्यामध्ये रिकामी बाटली जोडली आहे ना? खालच्या मजल्यावर कोणी दोन नळ एकदम सोडले की दाब पडतो आणि नळाचे पाणी उलटे फ्लास्कमध्ये येते. काम संपल्यावर आधी नळी काढून हवा आत घ्यायची आणि मगच नळ बंद करायचा. हा क्रम मी बत्तीस वर्षे मुलांना शिकवला आणि बत्तीस वर्षे दर वर्षी कोणाचे तरी गाळलेले द्रावण नळाच्या पाण्यात मिसळलेले पाहिले.

गाळणघर | 15 जुलै, दुपारी 1.10

सर, मनापासून आभार. विभागप्रमुखांना आपला हिशेब कागदावर मांडून दाखवला आणि मागणी सध्या थांबली आहे. मधली बाटली नव्हती. आज अडीच लिटरच्या जाड काचेच्या बाटलीला बूच लावून जोडली.

फुंकणीदादा, कॉनिकल फ्लास्क कपाटात बंद केले. मोठा फ्लास्क उजेडासमोर फिरवून पाहिला, स्वच्छ आहे.

हिंगणारोडताई, संचाबरोबर आलेलेच पाकीट वापरतो आहोत. त्यावर सेल्युलोज नायट्रेट, 47 मिलिमीटर, 0.45 मायक्रॉन असे छापलेले आहे. छिद्रे जितकी बारीक तितके मोजमाप अचूक, असा आमचा समज होता.

हिंगणारोड | 15 जुलै, रात्री 8.40

आता उलगडा झाला. तुमच्या ॲस्पिरेटरमध्ये दोष नाही, संचातही नाही. फिल्टरच चुकीच्या कामाला लावला आहे.

0.45 चा मेम्ब्रेन ही पातळ, चाळणीसारखी चकती असते आणि घाण तिच्या पृष्ठभागावरच अडते. पावसानंतरच्या नागनदीत माती आणि सांडपाण्याचा बुळबुळीत गाळ दोन्ही असतात. पहिल्या पन्नास-साठ मिलिलिटरमध्येच चकतीवर लेप बसतो आणि त्यापुढचे पाणी मेम्ब्रेनमधून नव्हे, त्या लेपातून झिरपते. निलंबित घनपदार्थांसाठी काचतंतूंचा फिल्टर वापरतात. तो नमद्यासारखा जाड असतो, कण त्याच्या जाडीत वेगवेगळ्या खोलीवर अडकतात, म्हणून तो इतक्या लवकर तुंबत नाही. प्रमाण पद्धतीत त्याची छिद्रे 2 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असावीत एवढीच अट आहे. बाजारात 1.2 आणि 1.5 मायक्रॉनचे सहज मिळतात. 0.45 मेम्ब्रेनचे काम वेगळे : पाण्यात विरघळलेले धातू वेगळे काढणे, जिवाणू मोजणे, किंवा आमच्यासारख्यांच्या प्रयोगशाळेत एचपीएलसीचे (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे) द्रावण गाळणे.

वजने न जुळण्याचे कारणही मला इथेच दिसते. सेल्युलोजचा मेम्ब्रेन हवेतली आर्द्रता शोषतो, आणि जुलैतल्या नागपुरात डेसिकेटरमधून (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) वजनकाट्यापर्यंत नेईस्तोवर त्याचे वजन बदलू शकते. शिवाय सेल्युलोज नायट्रेट चांगलाच ज्वलनशील असतो, त्याला रोज ओव्हनमध्ये ठेवण्याची सवय नको.

काचतंतूंचा फिल्टर असा वापरा. सुरकुतलेली बाजू वर ठेवून आधी 20-20 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवा, म्हणजे सुटे तंतू निघून जातील. मग 103 ते 105 अंशांना तासभर वाळवून, डेसिकेटरमध्ये निववून वजन घ्या. नमुना चुंबकीय ढवळणीवर फिरत असतानाच रुंद तोंडाच्या पिपेटने मधल्या खोलीवरून उचला. बाटली हलवून ओतलीत तर जड वाळू शेवटच्या ओतणीत येते आणि दोन उत्तरे जन्मात जुळणार नाहीत. गाळून झाल्यावर 10-10 मिलिलिटर पाण्याने तीनदा धुवा, साधारण तीन मिनिटे ओढ चालू ठेवा, आणि पुन्हा त्याच तापमानाला वाळवा. लागोपाठच्या दोन वजनांतला फरक 4 टक्के किंवा 0.5 मिलिग्रॅम, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत येईपर्यंत वाळवणे-तोलणे चालू राहते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे 500 मिलिलिटरचा हट्ट सोडा. वाळलेला गाळ 2.5 ते 200 मिलिग्रॅमच्या दरम्यान यावा आणि गाळण दहा मिनिटांत संपावे, एवढे पाहून पाण्याचे प्रमाण ठरवायचे असते. दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर पाणी कमी घ्या किंवा मोठ्या व्यासाचा फिल्टर घ्या. पारडीला पावसानंतर 100 मिलिलिटर पुरेल, अंबाझरीला कदाचित अर्धा लिटर लागेल.

एक जुनी गंमत सांगते, जी तेव्हा गंमत नव्हती. पहिल्या नोकरीत मी एका औषधनिर्मिती कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. मेम्ब्रेनच्या पाकिटात दोन चकत्यांच्या मध्ये एक रंगीत कागद असतो, आमच्याकडच्या पाकिटात निळा होता. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाने पांढरी चकती वेष्टण समजून कचऱ्यात टाकली आणि निळा कागद आधारावर ठेवून तीन दिवस द्रावणे गाळली. गाळण्याचा वेग पाहून आमचे वरिष्ठ त्याच्यावर खूश होते. एचपीएलसीच्या कॉलमचा, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीचा, दाब चढायला लागला तेव्हा कुठे प्रकरण उघडकीला आले.

अंबाझरीकाठ | 16 जुलै, सकाळी 10.05

या चर्चेत मला ओढीविषयी थोडी भर घालायची आहे, कारण जास्त ओढ म्हणजे जास्त वेग हे गृहीत अजून कोणी तपासलेले नाही.

स्वच्छ पाणी गाळताना दाबातला फरक दुप्पट केला तर प्रवाह साधारण दुप्पट होतो, हे खरे आहे. पण सांडपाण्यातला गाळ, शेवाळ किंवा प्रयोगशाळेत बनवलेला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा लगदा हे सगळे दाबाखाली चेपले जातात. ओढ वाढवली की थर आवळला जातो, त्यातल्या वाटा बंद होतात आणि वाढवलेली ओढ तो थरच खाऊन टाकतो. सुरुवातीलाच पूर्ण ओढ दिली तर बारीक कण फिल्टरच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि पुढचे सगळे काम रेंगाळते. मी नमुना ओतते तेव्हा ओढ अगदी मंद असते, थर बसला की मगच ती वाढवते.

माझे काम तलावातल्या शेवाळाचे आहे. क्लोरोफिल मोजण्यासाठी पाणी काचतंतूंच्या फिल्टरवर गाळताना मी ओढ 150 मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाही, कारण त्यापुढे पेशी फुटतात आणि मोजायचे असलेले हरितद्रव्य खालच्या फ्लास्कमध्ये निघून जाते. तुमच्या 690 वर माझा नमुना गाळला, तर अंबाझरीचा तलाव कागदावर फारच निर्मळ दिसेल.

बर्डीवाला | 16 जुलै, दुपारी 12.30

थोडे अवांतर. आम्ही बी.एस्सी.ला ओढ लावून गाळायला जे चिनीमातीचे, सपाट भोकांच्या तळाचे बुकनर फनेल (नरसाळे) वापरायचो, ते नोबेल मिळालेल्या बुकनरचेच ना? आमच्या सरांनी तसेच सांगितले होते.

निवृत्त_मास्तर | 16 जुलै, दुपारी 1.15

तो गैरसमज फार जुना आहे. पेशीविरहित किण्वनासाठी 1907 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते एडुआर्ड बुखनर. फनेल ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते एर्न्स्ट ब्यूशनर उद्योगातले रसायनज्ञ होते आणि त्यांनी त्याची माहिती 1888 मध्ये प्रसिद्ध केली. जर्मन लिपीत दुसऱ्याच्या नावातल्या स्वरावर दोन टिंबे आहेत. आपण दोघांनाही बुकनर म्हणून मोकळे झालो.

त्या फनेलचीही एक खोड सांगून ठेवतो. गोल कागद फनेलच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान, पण सगळी भोके झाकेल एवढा कापायचा असतो. मुले मोठा कागद घेऊन त्याची कड भिंतीवर दुमडतात. त्या दुमडीतून हवा शिरते, ओढ पडते आणि स्फटिक कागदाखालून निसटतात. कागद आधी त्याच द्रावकाने भिजवून, हलकी ओढ देऊन बसवला की अर्धे काम झाले. धुताना ओढ तोडावी, गार द्रावक ओतून काचकांडीने अलगद हलवावे आणि मग पुन्हा ओढावे. ओढ चालू ठेवून वरून धुतले तर द्रावक थराच्या भेगांतून पळून जातो आणि मळ जागच्या जागी राहतो.

गाळणघर | 22 जुलै, रात्री 9.05

आठवडाभराने परत आलो. काचतंतूंचे फिल्टर शनिवारी मिळाले. पारडीचा ताजा नमुना, 100 मिलिलिटर, चार मिनिटांत गाळून झाला. वाळलेला गाळ 31.4 मिलिग्रॅम भरला, म्हणजे प्रतिलिटर 314. त्याच बाटलीतला दुसरा 30.8, म्हणजे 308. ॲस्पिरेटर तोच आहे आणि गेज अजूनही 690 वरच आहे.

एक कबुली द्यायची राहिली आहे. हिंगणारोडताईंचा निळ्या कागदाचा किस्सा मी दोन्ही विद्यार्थिनींना वाचून दाखवला, तेव्हा त्यांच्यातली एक एकदम गप्प झाली. ती पांढरी चकती टाकत नव्हती, पण खालचा निळा कागद तसाच ठेवून दोन्ही एकत्र आधारावर बसवत होती. दुसरी तो काढून टाकायची. आमची 212 आणि 168 ही उत्तरे दोघींनी एकेक काढलेली होती. यात आर्द्रता किती आणि निळा कागद किती, ते आता कळायला मार्ग नाही, म्हणून जूनचे सगळे आकडे वहीत रेघ मारून रद्द केले आहेत.

शेवटची शंका : या महिनाभरात आधाराची सच्छिद्र चकती मधोमध तपकिरी झाली आहे. नुसते पाणी ओढले तरी ती पहिल्यासारखी भरभर गाळत नाही. तारेच्या ब्रशने घासू का?

फुंकणी | 22 जुलै, रात्री 9.30

ब्रश तिच्या जवळही नेऊ नका. ती चकती काचेचे दाणे भाजून एकमेकांना चिकटवून केलेली असते. घासले की मळ आत दाबला जातो आणि दाणे सुटतात.

आधी आधार उलटा धरून खालच्या बाजूने पाणी ओढा, म्हणजे मळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येईल. तपकिरी रंग बहुधा लोहाचा असेल. त्याला कोमट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवून सकाळी आम्लाचा अंश जाईपर्यंत पाणी ओढत राहा. तीव्र अल्कलीत बुडवून ठेवू नका, ती काचच खाते आणि छिद्रे मोठी होतात. जुनी मंडळी क्रोमिक आम्ल सांगतील, ते ऐकू नका. त्यातले क्रोमियम विषारी आहे आणि ते चकतीतून धुऊन निघता निघत नाही. नंतर वाळवताना ओव्हन थंड असतानाच आधार आत ठेवा आणि तापमान सावकाश चढवा, कारण चकती आणि भोवतालची काच जिथे जोडलेली असते तिथे ती एकदम तापवल्याने तडकते.

हिंगणारोड | 22 जुलै, रात्री 9.45

आणि इथून पुढे फिल्टर बसवताना त्याची कड चकतीच्या बाहेर सगळीकडून सारखी आली आहे का, तेवढे पाहा. एका बाजूला सरकला की उघड्या राहिलेल्या कोरीतून नदी थेट चकतीत शिरते. आधी चाप लावून मग फिल्टर सरकवायचा प्रयत्न करू नका, फाटतो. चिमट्याने ठेवा, दोन थेंब पाणी टाकून बसवा, मग नरसाळे सरळ वरून टेकवून चाप लावा.

गाळणघर | 23 जुलै, सायंकाळी 6.20

उलट्या बाजूने पाणी ओढले तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत फ्लास्कमध्ये चहासारखे पाणी आले. आता आधार आम्लात ठेवला आहे. निळे कागद एका डबीत जमा करतो आहे, पुढच्या वर्षीच्या तुकडीला दाखवायला.